नऊ सैन्यं आणि एक बालवीर

मंडळी, आजचा विषय पी. जी. वुडहाऊस या इंग्रज विनोदी लेखकाचं एक असं पुस्तक आहे, जे त्याच्या पक्क्या चाहत्यांपैकीही पुष्कळांनी हातात धरलेलं नसतं. ‘द स्वूप’. एप्रिल १९०९ मध्ये ते लंडनला निघालं. कागदी बांधणी, किंमत एक शिलिंग. वुडहाऊस तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि जीव्ह्ज, त्याचा पुढे गाजलेला चतुर नोकर, अजून जन्मायचा होता.

गोष्ट अशी. इंग्लंडवर एकाच वेळी नऊ सैन्यं चालून येतात. जर्मन आहेत, रशियन आहेत, चिनी आहेत, मोनाको आहे, आणि स्वित्झर्लंडचं आरमारसुद्धा आहे. देश वाचवायला पुढे येतो तो क्लॅरन्स चगवॉटर नावाचा चौदा वर्षांचा बालवीर, म्हणजे बॉय स्काउट. बालवीर चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचं बालवीरांवरचं पुस्तक आदल्याच वर्षी आलं होतं, त्यामुळे हा मुलगा तेव्हाच्या वाचकाच्या चांगला ओळखीचा होता.

या पुस्तकाबद्दल सगळ्यांत जास्त ऐकू येणारं मत म्हणजे, ‘पोरकट आहे. वुडहाऊसचं अक्षर न् अक्षर वाचायचा पण केला असेल तरच वाचा.’ मला हे मत पटत नाही. ‘जीव्ह्ज’ची फूटपट्टी लावली तर पुस्तक तोकडंच ठरणार. पण ते लिहिलं गेलं तेव्हा इंग्लंडात काय चाललं होतं, ते आधी पाहायला हवं.

१८७१ मध्ये जॉर्ज चेस्नी यांनी ‘बॅटल ऑफ डॉर्किंग’ लिहिलं. हे बंगाल इंजिनिअर्समधले अधिकारी, १८५७ मध्ये दिल्लीच्या लढाईत जखमी झालेले. जर्मन सैन्य इंग्लंडात उतरतं आणि इंग्लंड हरतं, अशी ती कथा. त्यानंतर अशा कथांचं पेवच फुटलं. १९०६ मध्ये विल्यम ले क्यूची आक्रमणकथा ‘डेली मेल’मध्ये क्रमशः आली. शत्रूच्या वाटेवर मोठी शहरं यावीत म्हणून वर्तमानपत्राच्या मालकानं कथेतला मार्ग बदलायला लावला, कारण खप शहरांत होता. कथेच्या जाहिरातीसाठी टोकदार शिरस्त्राणं आणि प्रशियन गणवेश घातलेली माणसं लंडनच्या रस्त्यांतून फिरवली. माणसांची भीती किती पद्धतशीरपणे विकली जात होती, हे यावरून कळावं. आणि जानेवारी १९०९ मध्ये गाय ड्यु मॉरिए यांचं ‘अ‍ॅन इंग्लिशमन्स होम’ हे नाटक रंगभूमीवर आलं. खेळांच्या नादात बुडालेलं एक मध्यमवर्गीय घर आणि दाराशी आलेला शत्रू. नाटक तुफान चाललं आणि ते पाहून तरुण भरतीसाठी रांगा लावू लागले.

वुडहाऊसचं पुस्तक यानंतर तीनच महिन्यांनी आलं. त्यातलं चगवॉटर कुटुंब म्हणजे त्या नाटकातल्या घराचीच नक्कल आहे. सगळे आपापल्या खेळात गर्क, आणि जर्मन राजपुत्र दारात उभा राहिला तर त्यालाच काहीतरी विकायच्या खटपटीत. आक्रमणाची बातमी क्लॅरन्सला कळते ती वर्तमानपत्राच्या ‘ताज्या बातम्यां’च्या चौकटीत. त्या चार ओळी माझ्या फार आवडीच्या आहेत. आधी क्रिकेट, फ्राय नाबाद १०४. मग सरे संघ ८ बाद १४७. मग, आज दुपारी एसेक्समध्ये जर्मन सैन्य उतरलं. आणि लगेच घोड्यांच्या शर्यतीचा निकाल, पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. बातमी कशी मांडली जाते आणि माणसं ती कशी वाचतात, हे एवढ्या थोड्या शब्दांत सांगितलेलं मी क्वचित पाहिलं आहे. वुडहाऊस स्वतः ‘ग्लोब’ या सायंदैनिकात रोजचा सदरलेखक होता. छापखान्याची ही चाल त्याला आतून ठाऊक होती.

उत्तरार्धात जर्मन आणि रशियन सेनापतींना लंडनची म्युझिक हॉल, म्हणजे नाच-गाणी-विनोदाची थिएटरं, आपल्या रंगमंचावर बोलावतात, आठवड्याच्या बिदागीवर. क्लॅरन्सची सगळी युक्ती यातच आहे. एकाची बिदागी दुसऱ्यापेक्षा कमी आहे, हे तो बाहेर काढतो. मग एकाच्या कार्यक्रमाला दुसऱ्याच्या सैनिकांची हुर्यो, आणि शेवटी दोन सैन्यांचीच लढाई. काही वाचकांना हा भाग लांबलेला वाटतो. तिथली तेव्हाच्या नटांची आणि थिएटरांची नावं आज आपल्यापर्यंत पोचत नाहीत, हे खरंच आहे. माझ्या मते मात्र पुस्तकाचा गाभा याच प्रकरणांत आहे. युद्धाचा तमाशा मांडणारे लोक आणि तिकीट काढून तो बघणारे लोक, वुडहाऊस हसतो ते त्यांना. शत्रू इथे निमित्ताला आहे.

एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करतो. चिनी, सोमाली आणि बोलीगोला नावाच्या कल्पित मुलखातले काळे योद्धे यांची या पुस्तकातली चित्रं हीन आहेत. वुडहाऊसचे वडील हाँगकाँगला मॅजिस्ट्रेट होते, साम्राज्याची नजर घरातच होती. ‘तेव्हा सगळेच तसं लिहीत’ म्हणून भागत नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांकडे त्याच नजरेनं पाहिलं गेलं, त्या आपल्यासारख्या वाचकांना तिथे हसू येत नाही, आणि आणायची गरजही नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ‘१९१४ मध्ये युद्ध झालंच ना? मग भीती खोटी कशी?’ युद्ध झालं. नाटककार ड्यु मॉरिए सैन्यात अधिकारी होते, ते १९१५ मध्ये आघाडीवर मारले गेले. त्यांची कळकळ खरी होती, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण इंग्लंडवर आक्रमण झालं नाही. वर्षानुवर्षं पोसलेली भीती कुणावर कोसळली? मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं ‘लुसिटानिया’ हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवल्यावर लंडन आणि लिव्हरपूलमध्ये जमावांनी जर्मन नावांची दुकानं फोडली. त्यांत पाव भाजणारे होते, खाटीक होते, आयुष्य तिथेच काढलेली साधी माणसं होती. वुडहाऊसला हे आधी दिसलं होतं असं मी म्हणणार नाही. भीतीच्या धंद्याला हसणारा एक तरुण लेखक तिथे होता, एवढं मला मोलाचं वाटतं.

आणि १९४१. नाझींच्या कैदेतून सुटल्यावर वुडहाऊसनं बर्लिनहून अमेरिकेसाठी रेडिओवर भाषणं केली आणि मायदेशात त्याच्यावर देशद्रोहाचा आरोप झाला. काही वाचक ‘द स्वूप’मध्ये त्याचं मूळ शोधतात, ‘जर्मनांना यानं कधी गांभीर्यानं घेतलंच नव्हतं’ म्हणतात. जॉर्ज ऑर्वेलनं १९४५ मध्ये त्याची बाजू घेताना दाखवलं की हा माणूस मनानं पहिल्या महायुद्धापूर्वीच्याच काळात राहिला होता. मला ते पटतं. पण बत्तीस वर्षांनंतरच्या चुकीचा पुरावा म्हणून १९०९ चं विडंबन वाचणं अन्यायाचं आहे. जर्मन सम्राट कैसरच्या काळातल्या वर्तमानपत्री घबराटीला हसणं वेगळं आणि हिटलरच्या राजधानीतून बोलणं वेगळं.

१९१५ च्या उन्हाळ्यात त्यानं हीच कथा अमेरिकेवर बेतून ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकात पुन्हा लिहिली. तिथे हल्लेखोर जर्मनी आणि जपान आहेत. तोवर युरोपात खंदक प्रेतांनी भरले होते, आणि ती आवृत्ती वाचताना माझं मन रमत नाही. मूळ पुस्तक इंटरनेटवर मोफत मिळतं, एका बैठकीत संपतं. चेस्नीचं ‘डॉर्किंग’ही तसंच उपलब्ध आहे. ते आधी वाचा आणि मग क्लॅरन्सकडे या.