राजवाडा आणि दिवा

(दृश्य: बैआचा सोहळा)

जुलैच्या अखेरीस मोरोक्कोच्या राजवाड्यासमोर बैआ होते. बैआ म्हणजे राजनिष्ठेची शपथ. पांढरे, पायघोळ जेलाबे घातलेले अधिकारी रांगा धरून उभे असतात. मोठ्या छत्रीखालून राजा मोहम्मद सहावे यांची स्वारी पुढे सरकते, तशी एकेक रांग कमरेत वाकते.

हा नुसता दरबारी थाट नाही. राजा इथे ‘अमीर अल-मुमिनीन’ आहे, म्हणजे श्रद्धावंतांचा प्रमुख. २०११च्या संविधानाच्या ४१व्या कलमात तसं लिहिलेलंच आहे. उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, सर्वोच्च परिषदेचा अध्यक्षही तोच. धर्माची गादी अशी आधीच भरलेली असताना, इस्लामच्या नावानं राजकारण करणाऱ्यानं मागायचं तरी काय?

अब्देस्सलाम यासीन यांनी गादीलाच आव्हान दिलं. १९७४ मध्ये त्यांनी तेव्हाचे राजा हसन दुसरे यांना खुलं पत्र लिहून जाब विचारला आणि त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली. पुढे १९८९ ते २००० ते सले शहरात नजरकैदेत होते. त्यांची ‘अल-अद्ल वल-इहसान’ ही संघटना निवडणूक लढवत नाही, आणि तिला पक्ष म्हणून मान्यताही नाही.

अब्देलइलाह बेनकिरान यांनी दुसरी वाट धरली: राजा मान्य, पदवी मान्य, आम्हाला फक्त निवडणूक लढवू द्या. त्यातूनच न्याय आणि विकास पक्ष उभा राहिला. मतपत्रिकेवरची खूण दिवा. २००३ मध्ये कॅसाब्लांकात बॉम्बस्फोट झाले, तेव्हा सगळ्यांची बोटं या पक्षाकडे वळली. पक्षानं त्या वर्षीच्या नगरपालिका निवडणुकीत मुद्दामच थोडे उमेदवार दिले. राजवाड्याला घाबरवायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता.

(दृश्य: २०११, रस्त्यावरचे मोर्चे)

अरब जगतात सिंहासनं हलू लागली, तेव्हा राजानं मोर्चांवर गोळ्या घालण्याची वाट धरली नाही, संविधान बदललं. ४७व्या कलमानुसार, ज्या पक्षाला सर्वाधिक जागा त्याच पक्षातून पंतप्रधान नेमणं राजावर बंधनकारक झालं. नोव्हेंबरमध्ये दिव्याला ३९५ पैकी १०७ जागा मिळाल्या आणि बेनकिरान पंतप्रधान झाले.

पण मंत्रिपरिषदेचं अध्यक्षपद राजाकडेच राहिलं. सैन्य राजाकडे, धार्मिक व्यवहार खातं राजाच्या विश्वासातल्या माणसाकडे. परराष्ट्र खातं आधी पक्षाच्या सादेद्दीन ओथमानींकडे होतं, २०१३च्या फेरबदलात तेही गेलं. मोरोक्कोत या पसाऱ्याला ‘मख्झेन’ म्हणतात. अरबीत त्याचा मूळ अर्थ कोठार. आपला ‘खजिना’ त्याच धातूतून आलेला. कोठाराच्या चाव्या निवडणुकीत मिळत नाहीत.

मिळाली ती कडू कामं. इंधनावरचं अनुदान काढून घेणं, सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६३ कडे नेणं. तिजोरीला याची गरज होती, आणि रोष मात्र पक्षाच्या वाट्याला आला. तरीही २०१६ मध्ये जागा वाढून १२५ झाल्या. इथेच राजवाड्याला खरी काळजी लागली असावी.

पुढचे पाच महिने सरकार बनलंच नाही. राजाच्या जवळचे उद्योगपती अझीझ अखनूश यांच्या पक्षानं अट घातली: समाजवाद्यांनाही सोबत घ्या. बेनकिरान अडून बसले. मार्च २०१७ मध्ये राजानं त्यांना बाजूला केलं, पण पद त्याच पक्षातल्या ओथमानींना दिलं. कलम ४७चा शब्द पाळला गेला. ओथमानींनी सगळ्या अटी स्वीकारल्या.

(दृश्य: राजधानी रबात, २२ डिसेंबर २०२०)

हे चित्र नीट पाहा. इस्रायलशी संबंध जोडणाऱ्या त्रिपक्षीय घोषणापत्रावर ओथमानी सही करत आहेत. पॅलेस्टाईनचा प्रश्न ज्या पक्षाच्या रक्तात, त्याच्याच नेत्याची ही सही. निर्णय राजाचा, हात पक्षाचा.

२०२१च्या निवडणुकीआधी मतांवरून जागा वाटण्याचं सूत्र बदललं. समजा मतदारसंघात ४ जागा, नोंदलेले मतदार २ लाख आणि वैध मतं १ लाख. पाच पक्षांना अनुक्रमे ४२, २०, १४, १३ आणि ११ हजार मतं. जुन्या पद्धतीत वैध मतांना जागांनी भागायचं: एका जागेचा भाव २५ हजार. पहिल्या पक्षाला एक जागा थेट मिळते आणि त्याची १७ हजार मतं उरतात. मग उरलेल्या मतांच्या क्रमानं दुसऱ्याला एक, पहिल्यालाच पुन्हा एक, तिसऱ्याला एक. नव्या पद्धतीत भागायचं ते नोंदलेल्या मतदारांना: भाव ५० हजार. तो कुणालाच गाठता येत नाही. मग चार जागा चार पक्षांना, एकेक. मतदानाला न आलेला माणूसही मोठ्या पक्षाची दुसरी जागा खाऊन जातो.

निकाल लागला: १२५ वरून १३. पण सगळा दोष सूत्रावर टाकणं चूक ठरेल. दिव्याची मतंच सुमारे १६ लाखांवरून सव्वातीन लाखांच्या आसपास आली होती. स्वतःच्या माणसांनीच पाठ फिरवली होती. अखनूश पंतप्रधान झाले.

पक्षाची धुरा बेनकिरान यांच्याकडे परत आली. मार्च २०२३ मध्ये पक्षानं इस्रायलच्या प्रश्नावरून परराष्ट्रमंत्र्यांवर टीका केली. राजदरबारानं जाहीर निवेदन काढून सुनावलं: परराष्ट्र धोरण हा संविधानानं राजाला दिलेला अधिकार आहे.