जीन हॅकमन : उशिरा उजाडलेला नट

(दृश्य : अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं डॅनव्हिल. दुतर्फा झाडं, लाकडी घरं, रिकामा रस्ता.)

इलिनॉयच्या पूर्व टोकाला, शेजारच्या इंडियाना राज्याच्या हद्दीला लागून डॅनव्हिल नावाचं गाव आहे. तेरा वर्षांचा एक मुलगा इथल्या रस्त्यावर खेळत होता. समोरून वडिलांची गाडी आली. ती थांबली नाही. वडिलांनी गाडीतूनच हात हलवला आणि ते पुढे निघून गेले. बाप घर सोडून चाललाय हे त्या मुलाला त्या हातावरूनच कळलं.

हा मुलगा म्हणजे जीन हॅकमन. सत्तरी ओलांडल्यावर एका मुलाखतीत हा प्रसंग सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा हालचालीत केवढं काही मावतं हे तेव्हा मला उमगलं नव्हतं, कदाचित म्हणूनच मी नट झालो असेन, असं ते सांगायचे. त्यांचं काम बघताना मला तो हात सारखा आठवतो. ओरडून, रडून, हातपाय झाडून जे सांगायचं, ते हा माणूस टोपी मागे सरकवून किंवा नुसतं हसू मावळू देऊन सांगायचा.

जन्म 30 जानेवारी 1930, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचा. वडील वर्तमानपत्राच्या छापखान्यात यंत्रावर काम करायचे. आईला सिनेमाची आवड होती, ती मुलाला बरोबर घेऊन जायची. तुला कधीतरी असं काम करताना बघायचंय, असं ती एकदा म्हणाली होती. ते वाक्य मुलानं जपून ठेवलं.

पण लगेच काही घडलं नाही. सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून तो अमेरिकेच्या मरीन दलात भरती झाला. साडेचार वर्षं तिथे काढली, चीनमध्येही तैनात होता, रेडिओचं काम शिकला. बाहेर पडल्यावर हे कर, ते कर, असं चाललं. अभिनय शिकायला कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउस या नाट्यसंस्थेत त्यानं नाव घातलं तेव्हा पंचविशी उलटून गेली होती. बाकीची मुलं त्याच्याहून लहान, देखणी. त्यांत एकाशी त्याचं जमलं. तो बुटका, मोठ्या नाकाचा, नायक म्हणून कुणी बघणार नाही असा. त्याचं नाव डस्टिन हॉफमन. यशाची शक्यता सर्वांत कमी कुणाची, यावर वर्गानं याच दोघांची नावं काढली.

(दृश्य : न्यूयॉर्क, टाइम्स स्क्वेअर. 1950च्या दशकातली छायाचित्रं.)

मग न्यूयॉर्क. हॅकमन यांचं लग्न झालं होतं, घर एवढंसं. हॉफमनही मागोमाग आला आणि त्यांच्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपू लागला. रॉबर्ट ड्युव्हाल हा आणखी एक नट दोस्त. तिघेही मिळेल ते काम करायचे. हॅकमन यांनी सामान वाहिलं, टाइम्स स्क्वेअरमधल्या एका हॉटेलात दारवानाची नोकरी केली. तिथे गणवेशात दार उघडून उभे असताना ओळखीचा एक जुना वरिष्ठ समोरून गेला आणि हेटाळणीचं एक वाक्य टाकून चालता झाला. ही आठवण हॅकमन आयुष्यभर सांगत राहिले. त्या अपमानानं ते खचले नाहीत, उलट इरेला पेटले.

1962 साली आई गेली. घरात लागलेल्या आगीत. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर हॅकमन यांचं नाव झालं ते 1964च्या एका नाटकातून, आणि त्याच वर्षी ‘लिलिथ’ या सिनेमात छोटी पण नजरेत भरणारी भूमिका मिळाली. आईला बघायचं होतं ते दोन वर्षं उशिरा पडद्यावर आलं.

‘लिलिथ’चा नायक वॉरन बेटी होता. एकाच प्रसंगात समोर आलेला हा नट त्याच्या डोक्यात बसला. तीन वर्षांनी ‘बॉनी अँड क्लाइड’ काढताना त्यानं नायकाच्या भावाचं, बक बॅरोचं काम हॅकमन यांना दिलं. ऑस्करचं पहिलं नामांकन त्या भूमिकेचं. तेव्हा वय 37.

याच 1967 सालातली आणखी एक गोष्ट. ‘द ग्रॅज्युएट’मध्ये मिस्टर रॉबिन्सनच्या भूमिकेसाठी हॅकमन यांची निवड झाली होती, तालमी सुरू होत्या, आणि दिग्दर्शक माइक निकोल्स यांनी त्यांना काढून टाकलं. या भूमिकेसाठी वय कमी दिसतं म्हणून. त्या सिनेमाचा नायक होता डस्टिन हॉफमन. एका मित्राचं नशीब ज्या सेटवर उघडलं, त्याच सेटवरून दुसऱ्याला घरी जावं लागलं. तरी मैत्री तुटली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

(दृश्य : ब्रुकलिन. वरून जाणारा रेल्वेमार्ग, खाली खांबांमधली सावली.)

1971. ‘द फ्रेंच कनेक्शन’. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन. या भूमिकेसाठी हॅकमन ही काही पहिली पसंती नव्हती, आधी बऱ्याच जणांचा विचार झाला होता. पॉपाय डॉइल हा अमली पदार्थविरोधी पथकातला न्यूयॉर्कचा पोलीस, एडी ईगन या खऱ्या पोलिसावर बेतलेला. उद्धट, वर्णद्वेषी, हात सैल सोडणारा. तयारीसाठी हॅकमन खऱ्या पोलिसांबरोबर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात फिरले आणि जे पाहिलं त्यानं हबकून गेले. चित्रीकरण सुरू झालं तेव्हा संशयिताला मारायचा प्रसंग त्यांच्याच्यानं होईना. हे आपल्याला जमणार नाही, मला सोडा, इथपर्यंत गोष्ट आली होती.

लोक या सिनेमातला पाठलाग लक्षात ठेवतात. वर लोकल धावतेय, खाली तिच्या खांबांमधून गाडी सुसाट चाललीय. तो थरार आहेच. पण मी सांगेन तो प्रसंग साधा आहे. फ्रेंच तस्कर उंची हॉटेलात बसून चवीचवीनं जेवतोय. समोरच्या फुटपाथवर कडाक्याच्या थंडीत पॉपाय पाळतीवर उभा आहे. हातात पिझ्झाचा गार तुकडा आणि कागदी पेल्यातली कॉफी. एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो, कॉफी ओतून देतो. पाय आपटतो. हात चोळतो. त्या दोन हातांत गरिबी-श्रीमंतीचा सगळा फरक आहे, आणि पॉपाय या माणसाचा पिच्छा का सोडणार नाही तेही आहे. एका शब्दाची गरज पडत नाही.

एप्रिल 1972मध्ये या सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले. त्यांतला एक हॅकमन यांचा, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा. यशाची शक्यता सर्वांत कमी, असं ज्याच्याबद्दल वर्गानं ठरवलं होतं, तो 42 वर्षांचा होता.

त्यानंतर ‘द पोसायडन ॲडव्हेंचर’ गाजला. आणि 1974मध्ये आला फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा ‘द कॉन्व्हर्सेशन’. माझ्या मते हॅकमन यांचं हे सर्वांत मोठं काम. त्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पण हॅकमन यांना ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं नाही.

हॅरी कॉल हा दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणारा माणूस. आपल्या धंद्यात सगळ्यांत पटाईत, आणि आयुष्यात कुणालाही जवळ येऊ न देणारा. आरपार दिसेल असा पातळ रेनकोट तो पाऊस नसतानाही घालतो. घरी तबकडी लावून तिच्याबरोबर एकटाच सॅक्सोफोन वाजवतो. या भूमिकेसाठी हॅकमन सॅक्सोफोन शिकले. पॉपाय डॉइल रस्ताभर पसरलेला असायचा. हॅरी मात्र अंग चोरून चालतो, बोलताना नजर खाली, हात खिशात. दोन्ही भूमिका एकाच नटानं तीन वर्षांच्या अंतरानं केल्या आहेत, हे मुद्दाम सांगावं लागतं.

शेवटी आपल्याच घरात कुणीतरी आपलं बोलणं ऐकतंय, हे हॅरीला कळतं. तो भिंतीचा कागद फाडतो, जमिनीच्या फळ्या उचकटतो, सगळं घर सोलून काढतो. काही सापडत नाही. त्या पसाऱ्यात बसून तो सॅक्सोफोन वाजवू लागतो. कॅमेरा वरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहतो, पाळतीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यासारखा.

त्याच वर्षी ‘यंग फ्रँकनस्टाइन’ या विनोदी सिनेमात हॅकमन आंधळ्या साधूच्या वेशात काही मिनिटं येऊन गेले. प्रदर्शनाच्या वेळी श्रेयनामावलीत नाव नव्हतं. हाच तो, हे बऱ्याच प्रेक्षकांच्या लक्षातही आलं नाही.

1978च्या ‘सुपरमॅन’मुळे ते घराघरांत पोचले, खलनायक लेक्स लूथर म्हणून. त्यांना मिशी काढायची नव्हती. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाले, तुम्ही काढलीत तर मीही माझी काढतो. हॅकमन यांनी मिशी उतरवली. मग डॉनर यांनी आपली मिशी ओढून काढली. ती खोटीच होती.

(दृश्य : इंडियानापोलिसमधलं हिंकल फील्डहाउस. रिकामं मैदान, रिकामी बाकं.)

1986चा ‘हूझियर्स’ मला वेगळ्या कारणासाठी जवळचा वाटतो. इंडियानातल्या एका खेडेगावच्या शाळेचा बास्केटबॉलचा संघ आणि त्याचा बाहेरून आलेला प्रशिक्षक. 1954 साली मायलन गावच्या शाळेनं राज्य अजिंक्यपद मिळवलं होतं, त्यावरून सुचलेली ही कथा. हॅकमन ज्या डॅनव्हिलमध्ये वाढले तिथून इंडियानाची हद्द हाकेच्या अंतरावर. ही माणसं, ही शेतं, हा हिवाळा त्यांच्या ओळखीचा होता.

अंतिम सामन्याआधी पोरं भल्यामोठ्या क्रीडागृहात पाऊल टाकतात आणि त्यांची बोबडी वळते. प्रशिक्षक काही भाषण देत नाही. तो मोजपट्टी काढून एका पोराच्या हातात देतो. जाळ्यामागच्या फळीपासून फेकीच्या रेषेपर्यंत मोज. पंधरा फूट. मग एकाला दुसऱ्याच्या खांद्यावर बसवून कड्याची उंची मोजायला लावतो. दहा फूट. आपल्या गावच्या व्यायामशाळेतही मापं हीच आहेत, एवढंच तो म्हणतो. पोरांच्या तोंडावर हसू येतं, ती कपडे बदलायला जातात. सगळे गेल्यावर हॅकमन एकदा वर नजर टाकतात आणि हलक्या आवाजात कबूल करतात, खरंच मोठं आहे. मघाचा धीर उसना होता, हे त्या एका नजरेतून आपल्यालाच कळतं. पोरांना कळत नाही.

1988चा ‘मिसिसिपी बर्निंग’. 1964 साली मिसिसिपीत नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांची हत्या झाली, त्यावर बेतलेला. या लढ्यातल्या कृष्णवर्णीयांना बाजूला सारून गोऱ्या तपास अधिकाऱ्यांना नायक केलं, ही टीका सिनेमावर झाली. ती रास्तच होती. हॅकमन यांचं काम मात्र कुणी नाकारलं नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि त्या वर्षीचा पुरस्कार ‘रेन मॅन’साठी गेला डस्टिन हॉफमन यांच्याकडे.

1990मध्ये हृदयावर उपचार झाले. हिंसक सिनेमे आता नकोत असं त्यांच्या मनात होतं, मुलींनाही वडिलांच्या तसल्या भूमिका आवडत नव्हत्या. म्हणून ‘अनफर्गिव्हन’ला त्यांनी आधी नकार दिला होता. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड यांनी पटवलं, हा सिनेमा हिंसेची भलामण करत नाही.

त्यातला लिटल बिल हा शेरीफ, म्हणजे गावचा पोलीस प्रमुख. सुटीच्या वेळी स्वतःच्या हातांनी घर बांधतोय. सुतारकाम येत नाही, छप्पर गळतं, जिथेतिथे भांडी लावून ठेवलीत. आणि हाच माणूस भर रस्त्यात लाथा घालून दुसऱ्याला अर्धमेलं करतो. हॅकमन यांनी ही दोन माणसं वेगळी केली नाहीत. घराबद्दल बोलताना जो समाधानी आवाज, तोच मारतानाही. आपण कायद्याच्या बाजूचे आहोत याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही, म्हणून त्याची भीती वाटते. मरतानाही त्याला आठवतं ते अर्धवट राहिलेलं घर. 1993मध्ये दुसरा ऑस्कर मिळाला, सहायक अभिनेत्याचा.

पुढची दहा वर्षं कामाचा धडाका. ‘क्रिमझन टाइड’, ‘द बर्डकेज’, ‘एनिमी ऑफ द स्टेट’. यांतल्या शेवटच्या सिनेमात त्यांच्या व्यक्तिरेखेचा तरुणपणीचा फोटो दाखवलाय, तो ‘द कॉन्व्हर्सेशन’मधला. 2001मध्ये ‘द रॉयल टेननबॉम्स’. बायकामुलांना सोडून गेलेला आणि म्हातारपणी परत त्यांच्या दारात उभा राहिलेला बाप. दिग्दर्शक वेस अँडरसन यांनी ही भूमिका हॅकमन यांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली होती. ते सहज तयार झाले नव्हते. त्या भूमिकेला गोल्डन ग्लोब मिळाला.

2004चा ‘वेलकम टू मूसपोर्ट’ हा शेवटचा सिनेमा. हृदयावर ताण नको, असा डॉक्टरांचा सल्ला आला आणि त्यांनी काम थांबवलं. न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे इथे पियानोवादक पत्नी बेट्सी अराकावा यांच्यासोबत राहिले, चित्रं काढली, कादंबऱ्या लिहिल्या. 26 फेब्रुवारी 2025 रोजी दोघंही घरात मृतावस्थेत सापडली. आधी बेट्सी उंदरांमुळे पसरणाऱ्या हंटाव्हायरसच्या आजारानं गेल्या, आणि साधारण आठवड्यानं हॅकमन हृदयविकारानं. त्यांचा अल्झायमर, म्हणजे विस्मरणाचा आजार, बळावला होता. वय 95.

(दृश्य : न्यायालयातला लांब व्हरांडा. रिकामा.)

एक प्रसंग मात्र मुद्दाम मागे ठेवला होता. 2003चा ‘रनअवे ज्युरी’. पॅसाडीनाच्या त्या वर्गाला पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली होती. दोघांच्याही नावावर दोन-दोन ऑस्कर. आणि तोवर हॅकमन आणि हॉफमन एकाही सिनेमात समोरासमोर आले नव्हते. या सिनेमातही दोघांचा एकत्र प्रसंग मुळात नव्हता, तो नंतर लिहून घातला गेला.

जागा, न्यायालयातलं पुरुषांचं स्वच्छतागृह. हॉफमन वकील, हॅकमन ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, आपल्या बाजूनं वळवणारा सल्लागार. पांढऱ्या फरशा, आरसे, बेसिनची रांग. दोन म्हातारे एकमेकांच्या अंगावर धावून जातील अशा बेतानं बोलतात, आणि कुणीच मागे हटत नाही.