हात, हँड आणि बुडालेलं जहाज

नमस्कार, श्रोतेहो. आज इंग्रजीतल्या हाताबद्दल बोलू. एक लॅटिन शब्द तेवढा कानात ठेवा: मॅनस. मॅनस म्हणजे हात. मॅन्युस्क्रिप्ट म्हणजे हाताने लिहिलेलं, आपलं हस्तलिखित. मॅन्युफॅक्चर म्हणजे मुळात हाताने घडवणं. आता ज्या मालाला माणसाचा हातही लागत नाही, त्यालाही हाच शब्द लावतात! मॅनेज इटालियनमधून आला. तिथे त्याचा अर्थ घोडा हाताळणं, त्याला वळण लावणं. साहेब लोकांनी वाईट वाटून घेऊ नये.

पण हँड हा साधा शब्दच फसवा. मी बातम्यांच्या भाषांतराला नवा लागलो होतो. रात्रपाळी होती, टेबलावर मी एकटाच. वादळात मालवाहू जहाज बुडाल्याची बातमी आली. शेवटी शब्द होते, 'लॉस्ट विथ ऑल हँड्स'. लॉस्ट कळलं, ऑल कळलं, आणि हँड्स तर शेंबड्या पोरालाही कळतं. शब्दकोश कोपराशी होता, त्यावर चहाचा कप ठेवलेला. कोण उचलणार? मी झोकात लिहिलं, 'जहाजाचे सर्व हात निकामी झाले.'

वरिष्ठांनी कागद वाचला. लाल पेन उचललं, परत खाली ठेवलं.

"जहाजाला हात असतात का रे?"

"क्रेनला म्हणत असतील, सर."

"घर बदलताना तुझी आई काय म्हणते?"

"म्हणते, चार हात लागले की काम उरकतं."

"ते हात कोणाचे?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि गप्प झालो.

"हे हातही तसेच. खलाशांचे. सगळ्या खलाशांचे." त्यांनी माझी ओळ खोडून वर लिहिलं, 'जहाजावरील एकही खलाशी वाचला नाही.' मग कप उचलून शब्दकोश माझ्या पुढ्यात सरकवला. त्याच्या पुठ्ठ्यावर ओला गोल उमटला होता. तर श्रोतेहो, हँड म्हणजे हात, आणि हँड म्हणजे कामाचा माणूसही. दोन्ही लक्षात असू द्या.

घड्याळालाही इंग्रजीत हात असतात, आपण काटे म्हणतो. मला काटाच आवडतो. हल्लीची बिनकाट्यांची घड्याळं किती वाजले ते सांगतात. किती वेळ उरला ते डोळ्यांना दिसत नाही. असो. गंमत अशी, की डिजिटलसुद्धा हाताशीच येऊन पोचतो. लॅटिनमध्ये डिजिटस म्हणजे बोट. बोटांवर मोजायचं, म्हणून डिजिट म्हणजे अंक.

माझ्यासमोरचा काटा आता बारावर येतोय, तेव्हा घाईने दोनच शब्द. हँडसम म्हणजे देखणा, पण मुळात हाताळायला सोपा. आणि हँडकर्चीफ. यातलं कर्चीफ फ्रेंचमधून आलं, अर्थ डोकं झाकायचं कापड. म्हणजे आपला हातरुमाल इंग्रजीत झाला हातात धरायचं डोक्याचं फडकं. नमस्कार.