उसनं हसू, आतलं हसू

[दृश्य: रुग्णालयाची खोली. खाटेवर आजोबा, शेजारी डॉक्टर.]

"आजोबा, जरा हसून दाखवा बघू."

आजोबा प्रयत्न करतात. ओठांचं डावं टोक वर जातं, उजवं जागचं हलत नाही. पक्षाघातात चेहऱ्याची एक बाजू अशी अचानक पडू शकते. घरात कुणाचं हसू एकाएकी वाकडं दिसलं, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा.

पण थांबा, पुढे बघा. दारातून नात धावत येते. "आजोबाऽ!" आणि तेच आजोबा हसतात. चक्क दोन्ही बाजूंनी.

काही रुग्णांमध्ये डॉक्टरांना हे खरोखर पाहायला मिळतं. हसण्याचा हुकूम मेंदूतून दोन वाटांनी येतो. ठरवून हसायचं, तर तो मेंदूच्या बाहेरच्या थरातून सुटतो. आपसूक हसू फुटतं, ते खोलवरच्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून. एक वाट बंद पडली, तरी दुसरी शाबूत राहू शकते.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

या दोन हसण्यांमधला फरक चेहऱ्यावर शोधला तो फ्रान्सच्या द्युशेन या डॉक्टरांनी. विजेचा प्रवाह देऊन ते चेहऱ्याचे स्नायू एकेक करून आकुंचित करत आणि त्याची छायाचित्रं काढत. १८६२ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा गालाचा स्नायू आपलं ऐकतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू मात्र खऱ्या आनंदालाच ओ देतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आज माहीत आहे, की काहींना तोही मुद्दाम आवळता येतो. तरी एखादा जुना फोटो घ्या, तोंडावर बोट ठेवा आणि नुसते डोळे बघा. गाल वर चढलेत का? डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्यात का? बरंच काही कळतं.

[दृश्य: बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात.]

मग हसण्यानं शरीराला काय मिळतं? २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सुमारे १७० जणांना दातांत चॉपस्टिक धरायला लावल्या. काहींचा चेहरा निर्विकार राहील अशा, काहींचा हसरा होईल अशा. मग त्यांना ताण येईल अशी कामं दिली. त्यातलं एक म्हणजे गार पाण्यात हात धरून ठेवणं. ताण सरल्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या हृदयाचे ठोके तुलनेनं कमी होते. आपण हसतोय हे त्यांतल्या अनेकांना सांगितलेलंही नव्हतं!

मनाचं काय? चेहरा हसरा केला तर मनही थोडं हसतं का, यावर संशोधकांची बरीच वर्षं खडाजंगी चालली. २०२२ मध्ये १९ देशांतल्या ३,८७८ जणांवर केलेला मोठा अभ्यास आला. दुसऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली, किंवा ओठांचे कोपरे मुद्दाम वर नेले, तर आनंद किंचित वाढतो, असं त्यात दिसलं. किंचितच. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण हसू म्हणजे औषधाची गोळी नव्हे. नैराश्यानं खचलेल्या माणसाला "हसत राहा" असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला उपचार हवेत, सोबत हवी.

आणि पगारासाठी हसावं लागतं, त्याचं काय? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडला. मनात काहीही असो, प्रवाशापुढे हसरंच दिसायचं, या श्रमालाही श्रमच म्हणा, असं त्यांनी सांगितलं. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं असं दिवसभर वागवत राहिलं की माणूस थकतो, हे पुढच्या अभ्यासांतही दिसलं. काउंटरपलीकडच्या माणसाकडून हसू वसूल करू नये. आपण आधी हसावं; त्याला वाटलं, तर तो हसेल.

[दृश्य: पहाटेचा मंद उजेड. पाळणा.]

नवजात बाळ झोपेत खुदकन हसतं. ते हसू कुणासाठी नसतं. साधारण सहा ते आठ आठवडे जातात. मग एके दिवशी बाळ जागं असतं आणि आई वाकून बघत असते. रात्रभर जागलेली, डोळ्यांखाली काळं आलेली. बाळ तिच्या डोळ्यांत टक लावून बघतं. तोंड उघडतं, मिटतं. आणि बोळकं दाखवत हसतं.

आईचे गाल वर चढतात, डोळे बारीक होतात.

बाळ पुन्हा हसतं.