पार्सलच्या फोनपुरतं इंग्रजी

मंडळी, इंग्रजी कसं शिकावं हा मोठा विषय आज काढायचा नाहीये. आपला विषय एवढाच की पार्सल आलेलं नाही, ट्रॅकिंगवर भलतंच काहीतरी दिसतंय आणि कस्टमर केअरला इंग्रजीतून फोन करायचाय, तर तेवढ्यापुरतं काय यायला लागतं. व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून उघडायची काही गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो. 'पार्सल नॉट कम' म्हटलं तरी समोरच्याला कळतं हो, तो दिवसभर तेच ऐकत बसलेला असतो. असे फोन फसतात ते अक्षरं, आकडे आणि तारखांमध्ये, आणि आपण काही न कळता 'ओके ओके' म्हणत सुटतो तिथे.

नंबरपासूनच सुरू करू. परदेशातून पोस्टाने येणाऱ्या रजिस्टर्ड पाकिटाचा किंवा पार्सलचा ट्रॅकिंग नंबर कधी नीट बघितलाय का? आधी २ अक्षरं, मग ९ आकडे, शेवटी परत २ अक्षरं. शेवटची दोन अक्षरं म्हणजे ज्या देशाच्या पोस्टाने तो नंबर दिला त्याचा कोड, भारताचा असेल तर आय एन. पहिल्या अक्षरावरून सेवा कळते, आर म्हणजे रजिस्टर्ड, ई म्हणजे एक्सप्रेस, सी म्हणजे पार्सल. हा साचा युनिव्हर्सल पोस्टल युनियनचा आहे, १८७४ पासून देशोदेशीच्या पोस्टांना एका नियमात ठेवणारी संस्था. आणि गंमत म्हणजे त्या ९ आकड्यांमधला शेवटचा आकडा आधीच्या ८ वरून गणित करून काढलेला असतो, त्यामुळे तुम्ही मधला एक आकडा चुकीचा सांगितलात की समोरचा कॉम्प्युटर लगेच सांगतो, 'इनव्हॅलिड'. आपल्याला इकडे वाटतं पार्सलच गेलं! खासगी कुरिअर कंपन्यांचे साचे वेगवेगळे असतात, पण त्रास तोच.

आता हा नंबर फोनवर सांगताना एवढा घोळ का होतो, तर साधी टेलिफोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं, एवढ्याच पट्टीतला आवाज पलीकडे नेते. 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक मुख्यतः त्याहून वरच्या पट्टीतल्या आवाजात असतो, म्हणजे एस आणि एफ पलीकडे जवळजवळ सारखेच पोचतात. बी, डी, ई, पी, टी, व्ही यांचा तर शेवट एकच, फक्त सुरुवातीचा बारीकसा आवाज वेगळा आणि नेमका तोच हरवतो. तुमचा उच्चार कितीही चांगला असू दे, अगदी जन्मल्यापासून इंग्रजी बोलणाऱ्या दोन माणसांचंही हेच होतं, म्हणून तर वैमानिकांसाठी ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली ही यादी १९५६ मध्ये पक्की करावी लागली. तुम्ही ती पाठ केलीत तर उत्तमच, एका संध्याकाळचं काम आहे, पण नसेल जमत तर बी फॉर बॉय, डी फॉर डॉग, पी फॉर पेपर असं चालतं. फक्त शब्द असा घ्या की ज्याचं पहिलं अक्षर आणि पहिला आवाज एकच आहे. पी फॉर फोटो म्हणालात की तो एफ टाइप करणार, आणि के फॉर नाईफ म्हणालात तर मग देवच वाली. व्यक्तींची किंवा गावांची नावंही नकोत, पलीकडचा माणूस कुठल्या देशात बसलाय आपल्याला काय माहीत. अजून एक, आपण ज्याला झेड म्हणतो त्याला अमेरिकन माणूस झी म्हणतो आणि ते फोनवर थेट जी सारखं ऐकू येतं, तिथे झेड फॉर झीब्रा म्हणायचंच.

आकड्यांत 'डबल फोर', 'ट्रिपल सेव्हन' ही आपली सवय आहे, ब्रिटिशांना ती कळते, अमेरिकनांमध्ये चालत नाही, तेव्हा सरळ फोर, फोर. शून्याला झिरो म्हणा, ओ म्हटलं की अक्षर का आकडा हा प्रश्न उरतोच. तीन-तीन, चार-चार आकडे सांगून थांबा आणि पलीकडून 'यस' आलं की पुढे जा. थर्टीन आणि थर्टीमध्ये तर सगळेच गडबडतात, म्हणून 'थर्टीन, वन थ्री' असं जोडूनच सांगायचं. तारखेचं पण तेच आहे, ४/५ म्हणजे कोणासाठी ४ मे, कोणासाठी ५ एप्रिल. महिन्याचं नाव घेतलं की वादच मिटला.

हे झालं बोलण्याचं. खरी अडचण ऐकण्याची असते, आणि त्यातही क्रियापदाची. फोनवर 'डिलिव्हर्ड' हा शब्द ऐकला की आपण तिथेच अडकतो, पण सगळी माहिती त्याच्या आधीच्या छोट्या शब्दांत असते. 'इट हॅज बीन डिलिव्हर्ड' म्हणजे त्यांच्या मते काम झालं. 'इट विल बी डिलिव्हर्ड' म्हणजे अजून व्हायचंय. 'वी अटेम्प्टेड डिलिव्हरी' म्हणजे माणूस येऊन गेला असं त्यांचं म्हणणं, आणि 'इट शुड हॅव बीन डिलिव्हर्ड' म्हणजे एव्हाना पोचायला हवं होतं, पण ते कुठे आहे ते त्यालाही माहीत नाही! ही चार वाक्यं कोणाकडून तरी पन्नास वेळा म्हणवून घेऊन कानात बसवा, सगळे काळ शिकत बसू नका.

ट्रॅकिंगच्या भाषेतली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. 'लेबल क्रिएटेड' किंवा 'शिपमेंट इन्फर्मेशन रिसीव्ड' असं दिसत असेल तर बहुतेक वेळा पाठवणाऱ्याने नुसतं लेबल छापलंय, पार्सल कुरिअरच्या हातात अजून पडलेलंच नाही. अशा वेळी कुरिअरशी कितीही सुंदर इंग्रजीत भांडलात तरी उपयोग नाही, विक्रेत्याला पकडा. आणि 'रिटर्न टू सेंडर' दिसलं तर आधी कुरिअरला फोन करा, 'कॅन यू स्टॉप द रिटर्न?' एवढं पहिल्याच वाक्यात विचारा, कारण एकदा गाडी उलटी निघाली की थांबवणं कठीण.

आता एक संवाद ऐका. ट्रॅकिंगवर डिलिव्हर्ड लिहिलंय, हातात काही नाही. तुम्ही म्हणता, 'द ट्रॅकिंग सेज डिलिव्हर्ड, बट आय हॅवंट रिसीव्ड इट.' एकदम बरोबर. तो विचारतो, 'सो यू हॅवंट रिसीव्ड द पार्सल?' आणि आपण म्हणतो 'यस!' कारण मराठीत कोणी 'नाही मिळालं का?' विचारलं तर आपण 'हो ना, नाही मिळालं' असंच म्हणतो, समोरच्याच्या म्हणण्याला होकार देतो. इंग्रजीत मात्र त्या यसचा अर्थ 'मिळालं' असा होऊ शकतो. चांगला असेल तर तो परत विचारेल, घाईत असेल तर तक्रार बंद करून मोकळा होईल. म्हणून असल्या प्रश्नाला नुसतं यस किंवा नो द्यायचंच नाही, पूर्ण वाक्य द्यायचं, 'नो, आय हॅवंट रिसीव्ड इट.' हे सांगायला सोपं आहे पण सवय जायला वेळ लागतो, कारण तोंडातून यस आपोआप निघतं. मग पुढे विचारा, 'हू साइन्ड फॉर इट?' आणि 'कॅन यू सेंड मी द प्रूफ ऑफ डिलिव्हरी?' सहीचं नाव किंवा दारातला फोटो बघितला की पुष्कळदा कळतं, पार्सल शेजाऱ्याकडे आहे, किंवा फोटोतलं दारच आपलं नाही.

'ओके ओके'बद्दल थोडं कडक बोलणार आहे. न कळलेल्या गोष्टीला ओके म्हणणं हा सभ्यपणा समजतात लोक. पण त्या ओकेवर 'ग्राहकाने मान्य केलं' अशी नोंद होऊ शकते, आणि पार्सलच्या नावाने फोन करणारे भामटे नेमके याच सवयीवर जगतात. भरभर इंग्रजी बोलायचं, कस्टम्स, पेनल्टी, अर्जंट असे शब्द टाकायचे, माणूस गांगरला की ओटीपी मागायचा. तुम्ही न करता आलेल्या फोनवर ओटीपी, कार्डचा नंबर, पिन काही सांगायचं नाही, 'आय विल कॉल यू बॅक' म्हणून फोन ठेवायचा आणि कंपनीच्या अधिकृत अॅपवरचा नंबर स्वतः लावायचा. हे वाक्य इंग्रजीत आलंच पाहिजे, बाकीचं एकवेळ नाही आलं तरी चालेल.

पाठीमागून एक प्रश्न आलाय, समोरचा फार फास्ट बोलतो तेव्हा काय करायचं? 'स्लोली प्लीज' म्हटलं तर तो दोन वाक्यं हळू बोलतो आणि परत गाडी सुटते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. त्यापेक्षा तुम्हाला जे कळलं ते तुमच्या शब्दांत परत म्हणा, 'सो द ड्रायव्हर विल कम ऑन ट्यूजडे, राइट?' चुकलं असेल तर तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्ती करताना माणूस आपोआप हळू बोलतो. तो 'विदिन थ्री बिझनेस डेज' म्हणाला तर सुट्टीचे दिवस त्यात धरलेले नसतात, म्हणून तिथेच विचारा, 'विच डेट इज दॅट?' आणि 'इज देअर एनिथिंग एल्स?' हे ऐकू आलं की समजा तो फोन आवरतोय. तेव्हा सांगायचं, 'यस, प्लीज गिव्ह मी द कम्प्लेंट नंबर,' कागदावर लिहायचा, एकेक आकडा त्याला परत वाचून दाखवायचा, त्याचं नाव आणि वेळ खाली टाकायची, आणि मग थँक यू.