काटा कुणाच्या हातात?

श्रोतेहो, नमस्कार. कंपनीच्या मोठ्या साहेबांचा पगार कसा ठरावा, हा आजचा विषय. पण आधी चला आमच्या सेलूकडच्या शिवारात.

एकाधिकार खरेदीचा काळ, म्हणजे कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा. पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटलेली आणि वेचणीला बाया मिळेनात. वडिलांनी किलोमागं भाव वाढवला, मुकादमालाही किलोमागं कमिशन लावलं. काटा मुकादमाच्याच हातात. आठ दिवसांत रान रिकामं! गाडी केंद्रावर गेली. ग्रेडरनं कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढला, पिळला. हाताला ओल. वर पाचोळा आणि कवडी, म्हणजे किडका कापूस. दर्जा घसरला, भाव घसरला.

वडील बायांवर चिडले. आई म्हणाली, "आवो, तुमी वजनाचे पैसे दिले, त्यायनं वजन आणलं. दहिवरातला कापूस जड भरतोच की. अन् ज्याला वजनावर कमिशन, त्याच्याच हाती काटा दिलाव तुमी!"

दुसऱ्या वर्षी आईनं काटा बांधावरच्या बाभळीला टांगला आणि स्वतः उभी राहिली. दहिवर वाळल्याशिवाय कुणी रानात शिरायचं नाही. कवडी वेगळी. मुकादमाला दिवसाची मजुरी ठरलेली, बक्षीस मात्र केंद्राची पट्टी, म्हणजे दर्जा-भावाची पावती, हाती आल्यावर.  

कंपनीतही त्या पहिल्या वर्षासारखंच होतं. बोनस यंदाच्या नफ्यावर आणि नफा मांडणारे साहेबांच्याच हाताखालचे. मग यंत्रांची दुरुस्ती पुढं ढकलली जाते, माल विक्रेत्यांच्या गोदामात लोटून विक्री दाखवली जाते. तो दहिवरातला कापूसच.

म्हणून 2013 च्या कंपनी कायद्यानं काटा वेगळ्या हातात दिला. शेअर बाजारातल्या कंपनीत पगाराचं धोरण सुचवायला वेगळी समिती असते. किमान 3 संचालक, रोजचा कारभार न पाहणारे. त्यातले कायद्यानं निम्मे तरी, आणि बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2022 पासूनच्या नियमानं दोन तृतीयांश तरी स्वतंत्र, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले. स्वतंत्र संचालकाला स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावानं घ्यायचा हक्क, देता येत नाही. पुन्हा सांगतो, देता येत नाही. संचालकांचा एकूण मोबदला नफ्याच्या 11 टक्क्यांपुढं न्यायचा तर भागधारकांची मंजुरी लागते.

वाळूजला कामाला असलेल्या तुमच्या मुलानं चार शेअर घेतले असतील, तर त्याला वार्षिक अहवाल उघडायला सांगा. कंपनीतल्या मधल्या पगाराच्या माणसापेक्षा साहेबांना किती पट मिळतं, तो आकडा त्यात छापावाच लागतो. पगाराचा ठराव आला की मत मोबाईलवरूनही देता येतं. ते त्यानं द्यावं.