गाढव थांबते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

पौष पौर्णिमेच्या सुमारास पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीत, खंडोबाच्या यात्रेबरोबर, गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, वडार, कैकाडी, कुंभार, परीट अशा अनेक समाजांची माणसे तेथे येतात. गावठी जनावरांबरोबर काठेवाडी गाढवेही असतात, आणि ती अंगाने थोराड असल्यामुळे त्यांना भावही अधिक मिळतो. घेणारा आधी ओठ वर करून दात पाहतो, कारण वय दातांवरून कळते. दोन दातांचा तो दुवान, चार दातांचा चौवान, आणि सगळे दात आले की अखंड. मग तो पाठीवरून हात फिरवतो, खूर उचलून पाहतो आणि जनावर चार पावले चालवून घेतो. ज्यांचे घर या पाठीवर चालते, ती माणसे गाढवाला मूर्ख समजत नाहीत. मूर्ख समजतो तो त्याच्याशी कधीच काम न पडलेला माणूस.

गाढवावरचा सर्वांत जुना आरोप हट्टीपणाचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत अन्यायाचा आहे. आपल्या गाढवाचे पूर्वज ईशान्य आफ्रिकेतल्या कोरड्या, खडकाळ मुलखातले रानगाढव. माणसाने ते सुमारे सात हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. त्या मुलखात चारा विरळ, म्हणून जनावरेही विखरून राहत. घोड्याचा वंश मोकळ्या गवताळ प्रदेशात कळपाने वाढला, त्यामुळे तो बिचकला की उधळतो. खडकाळ उतारावर उधळणाऱ्याचा पाय मोडण्याचीच शक्यता अधिक, म्हणून गाढव धोका जाणवला की आधी थांबते, पाहते आणि मग ठरवते. त्याचा तो दूरवर पोहोचणारा आवाजही याच विखुरलेल्या जगण्यातून आलेला आहे. श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा ते ओरडते, आणि मोकळ्या माळावर ती हाक दोन-तीन किलोमीटरवर ऐकू जाऊ शकते.

मोरीवरची फरशी पावसाने निसरडी झालेली असेल, तर तेथे आलेल्या गाढवाकडे नीट पाहावे. ते मान खाली घालते, दोन्ही कान पुढे करते, जमीन हुंगते आणि एक पाय टेकवून परत मागे घेते. पाठीवर विटा किंवा वाळू असताना घसरण्याची किंमत काय असते, हे त्याच्या शरीराला ठाऊक असते. या क्षणी मागून काठी बसली, तर त्याच्या भीतीत भरच पडते आणि ते अधिकच घट्ट रोवून उभे राहते. जाणता मालक मात्र पुढे होतो, स्वतः त्या फरशीवरून चालून दाखवतो, किंवा त्या वाटेला सरावलेले दुसरे गाढव आधी पलीकडे नेतो. मग पाठोपाठ हेही निघते. एकदा पटलेली वाट ते वर्षानुवर्षे विसरत नाही. म्हणूनच बांधकामावर गाढवांची रांग माल उतरवून, कोणी दोर न धरता, आपली आपण पुन्हा भरणीच्या जागी परतताना दिसते. जेथे टेम्पो शिरत नाही अशा पेठांतल्या बोळांत आणि गडकिल्ल्यांच्या दुरुस्तीच्या कामांवर हा गुण फार मोलाचा ठरतो.

खाण्यापिण्यातही त्याचे मागणे थोडे. घोड्याला जे वाळलेले, निकस गवत पुरणार नाही, त्यावर गाढव अंग धरून राहते. त्याच्या लिदीचाही उपयोग होतो. कुंभार ती मातीत मिसळतात, म्हणजे वाळताना मडक्याला तडे जात नाहीत. पाण्याच्या बाबतीत मात्र ते चोखंदळ आहे. घाण पाणी समोर ठेवले तर तहान सोसते, पण तोंड लावत नाही. रामेश्वराला नेण्यासाठी आणलेले गंगाजल एकनाथांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. हे जनावर तहान किती सोसते हे समजल्यावर ती कथा मला अधिकच भिडते, कारण गाढव तहानेने खाली पडले असेल, तर ते अगदी शेवटच्या टोकाला आलेले असते.

दुखण्याचेही तसेच आहे. पोटशूळ उठला की घोडा लोळतो, पाय झाडतो. गाढव नुसते गप्प होते. चारा सोडला, सोबत्यांपासून बाजूला उभे राहिले, मान खाली गेली, एवढ्याच खुणा असतात, आणि तेवढ्यावरच पशुवैद्याला बोलवावे. मालक दोन दिवस वाट पाहतो, तोवर अनेकदा हातातून वेळ गेलेली असते.

ओझ्याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाढवाच्या पाठीवर ५० किलोपेक्षा अधिक भार घालता येत नाही. दिवसभरात नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. आणि तापमान ३७ अंशांच्या वर गेले असेल, तर दुपारी बारा ते तीन त्याला कामाला लावता येत नाही. घर बांधणाऱ्या प्रत्येकाने आपल्या बांधकामावर या गोष्टी पाहाव्यात, आणि भार कमी केल्यामुळे खेपा वाढल्या तर गाढववाल्याला त्यांचे पैसेही द्यावेत. त्याच्या पोटाला चिमटा काढून जनावराची दया करता येणार नाही.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती, ती २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांवर आली. जी उरली आहेत, त्यांच्यासाठी पावसाळ्याआधी एक काम अवश्य करावे. गाढवाच्या केसांवरून पाणी घोड्यासारखे निथळून जात नाही. ते कातडीपर्यंत भिजते, गारठते, आणि चिखलात उभे राहून त्याचे खूर सडतात. तेव्हा जूनच्या आत त्याला पत्र्याचे का होईना, पण छप्पर करावे, खालची जमीन मुरूम टाकून उंच करावी, आणि ज्या दोन जनावरांची जोडी जमलेली आहे, त्यांना त्या छपराखाली शेजारी शेजारी बांधावे.